धावणाऱ्याने कोठे थांबावे?

नाताळचा सण आटोपला होता. धर्मग्रामातील धावपळीतून दोन दिवसांची उसंत मिळाली, म्हणून एका जुन्या स्नेह्यांच्या आग्रहावरून मी बुलढाणा जिल्ह्यातील धाड या गावी गेलो होतो. बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. शेतांत तूर उभी होती, हरभरा घाटे धरू लागला होता आणि दूरवर अजिंठ्याच्या डोंगररांगेतील टेकड्या धुक्यात पुसट दिसत होत्या. माझ्याबरोबर माझा भाचा होता. तो पुण्यात संगणकाच्या व्यवसायात आहे आणि गेली काही वर्षे त्याला डोंगरवाटांवर धावण्याचा छंद जडला आहे.

पहिल्याच पहाटे तो बूट चढवून बाहेर पडला. मीही जपमाळ हाती घेऊन रस्त्याने चालू लागलो. पाहतो तो गावातील दहाबारा मुले अंधारातच रस्त्यावर पळत होती. कुणाच्या पायात कॅनव्हासचे बूट, कुणी अनवाणी. पोलीस भरती आणि सैन्य भरती यांची ती तयारी होती. दोन्हीकडे १६०० मीटरची धाव असते. त्या अंतरावर आणि काही सेकंदांवर एका घराचे भवितव्य ठरते. माझ्या भाच्याची वेगळी चाल आणि वेगळे बूट पाहून ती मुले थांबली.

“भाऊ, कोणत्या भरतीची तयारी करता?” एकाने विचारले.

“भरतीची नाही. डोंगरातल्या शर्यतीची. पन्नास किलोमीटरच्या.”

“बक्षीस किती राहते?”

“पहिल्या काही जणांना बक्षीस. बाकीच्यांना पदक. प्रवेश फी मात्र आपणच भरायची.”

मुले एकमेकांकडे पाहू लागली. मग एक जण म्हणाला, “म्हणजे तुम्ही पैसे भरून पळता?” सगळी हसली. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, निखळ नवल होते.

रात्री जेवण झाल्यावर भाचा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, “मामा, त्या पोराचे हसणे डोक्यातून जात नाही. माझे काही चुकते का?”

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. चाळीस वर्षांपूर्वी गुरुकुलात नीतिशास्त्र शिकताना असा प्रश्न आला असता, तर मी दोन वाक्यांत निकाल दिला असता. आता तसे धाडस होत नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा एक प्रयत्न आहे.

प्रथम हा छंद काय आहे ते पाहू. मॅरेथॉन आपल्या परिचयाची असते. ती डांबरी रस्त्यावरून धावतात. ही धाव पायवाटांवरून असते. चढ, उतार, सुटे दगड, ओढे, कड्याच्या कडेने जाणारी निसरडी वाट, कधी रात्रीचा काळोख आणि कपाळावर बांधलेला दिवा. आपल्या सह्याद्रीत असे मार्ग विपुल आहेत. सिंहगडावरून राजगड आणि राजगडावरून तोरणा हा त्यांपैकी एक प्रसिद्ध मार्ग. राजगडाच्या संजीवनी माचीखालून निघालेली वाट डोंगराच्या धारेवरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाते. तोरणा समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर उंच आहे. याच गडांना जोडून आता पन्नास आणि शंभर किलोमीटरच्या शर्यती होतात आणि शेकडो स्त्री-पुरुष त्यांत भाग घेतात. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटात अर्धमॅरेथॉन होते. ती पक्क्या रस्त्याची असली, तरी चढाची कसोटी तीच.

आता या वाटांकडे जरा निरखून पाहू. त्या कुणी पाडल्या? कोणत्याही क्रीडासंस्थेने नव्हे. जुन्नरजवळचा नाणेघाट घ्या. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कोकणातील बंदरांचा माल पाठीवर आणि जनावरांवर लादून त्या घाटाने वर येत असे. ओझ्याखाली वाकलेल्या पायांनीच त्या पायऱ्या गुळगुळीत केल्या. बुलढाणा जिल्ह्याचे लोक आजही आपल्या मुलखाचे दोन भाग सांगतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. या दोन भागांना जोडणाऱ्या वाटा मोटाररस्ते होण्याआधी बाजाराला जाणाऱ्यांनी, लेकीला माहेरी आणणाऱ्यांनी, गुरे हाकणाऱ्यांनी घडवल्या. राजगड-तोरण्याच्या धारेवर ज्या झोपड्यांत गिर्यारोहकांना ताक आणि लिंबूसरबत मिळते, त्या घरांतील माणसे तीच वाट डोक्यावर हंडा किंवा मोळी घेऊन चढतात. त्यांच्या छातीवर क्रमांक नसतो आणि माथ्यावर पोहोचल्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही.

म्हणजे ही वाट मूळची गरजेची आहे. हौसेने धावणारा तिच्यावरचा पाहुणा आहे. धाडच्या त्या मुलाला नेमके हेच खटकले असावे. जे त्याच्या घरात सक्तीने केले जाते, ते कुणी पदरचे पैसे मोडून करतो, हे त्याला अद्भुत वाटले.

नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांचे उदाहरण येथे आठवते. आदिवासी पाड्यावरची ही मुलगी लहानपणी पाण्यासाठी डोंगरातून पायपीट करत असे. पुढे तेच पाय मैदानावर धावले. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटर धावण्याच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवले, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले आणि सारा देश त्यांना ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणू लागला. आपण या कथेचे कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. परंतु पदक न मिळालेल्या, हंडा घेऊन तीच वाट चढणाऱ्या तिच्या असंख्य मैत्रिणींचे कष्ट त्या कौतुकात कोठे बसतात?

याहून कठोर उदाहरण २०२४ सालचे आहे. झारखंडात उत्पादन शुल्क खात्याच्या शिपाई भरतीसाठी उमेदवारांना दहा किलोमीटर धावायचे होते. पावसाळ्यातील त्या दमट उष्म्यात दहाहून अधिक तरुण मृत्यू पावले. ही मुले हौसेसाठी धावत नव्हती. थांबता येत नव्हते असेही नाही; पण थांबण्याची किंमत त्यांच्या आईवडिलांना मोजावी लागली असती.

मग डोंगरात हौसेने धावणे हा भरल्या पोटाचा खेळ, म्हणून त्याज्य मानायचा काय? काही सज्जन माणसे असे मानतात. गरिबाच्या कष्टांची ही एक प्रकारची नक्कल आहे, असा त्यांचा आक्षेप असतो. त्यात तथ्याचा अंश आहे, तरी मला तो पूर्णतः मान्य होत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात खेळ आणि विनोद यांचा विचार केला आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. शरीराला जशी विश्रांती लागते, तशी आत्म्यालाही लागते आणि ती खेळातून मिळते, असे ते मानतात. त्यासाठी त्यांनी एक जुनी कथा सांगितली आहे. वृद्ध संत योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत बसलेले पाहून काही लोकांना धक्का बसला. तेव्हा संताने त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला सांगितले आणि विचारले, असे सतत करता येईल का? तो म्हणाला, धनुष्य सदा ताणलेले ठेवले तर ते मोडेल. खेळाचा अतिरेक हा दोष, तसा खेळाचा सर्वथा अभाव हाही दोषच, असा संत थॉमस यांचा निर्वाळा आहे. आठवडाभर पडद्यासमोर बसून पाठ वाकवणारा तरुण डोंगरात जातो, घाम गाळतो, आपले शरीर किती दुबळे आणि किती चिवट आहे हे एकाच दिवशी शिकतो, यात पाप कसले? डोंगर कुणाच्या पगाराची विचारपूस करत नाही. त्या नम्रतेची शहरी माणसाला गरज आहे.

तर मग हौसेचे कष्ट आणि नशिबाचे कष्ट यांत फरक कोणता? वेदना तीच, चढ तोच, तहानही तीच. मी पुष्कळ विचार केला आणि मला एकच फरक सापडला. हौसेने कष्ट करणाऱ्याला थांबण्याचे स्वातंत्र्य असते. पाय मुरगळला तर तो शर्यत सोडू शकतो. घरी गरम पाणी आणि औषध असते, सोमवारी कामावर रुजू होता येते. हंडा घेतलेल्या बाईला वाटेत सोडून देण्याची मुभा नसते. भरतीच्या मुलालाही नसते. धावपटूची खरी श्रीमंती त्याच्या महागड्या बुटांत नाही. ती या मुभेत आहे.

आणि प्रत्येक श्रीमंतीबरोबर येतो तो प्रश्न येथेही येतो : ही संपत्ती तू कुणासाठी खर्च करतोस?

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात जी दुर्घटना घडली, ती या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. पीत नदीच्या खोऱ्यातील दगडी सुळक्यांच्या प्रदेशात शंभर किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. १७२ धावपटू निघाले. दुपारी वाटेतील सर्वांत अवघड चढावर हवामान एकाएकी पालटले. वादळी वारा, गारा आणि गोठवणारा पाऊस. बहुतेकांच्या अंगावर पातळ कपडे होते. वाऱ्यापासून रक्षण करणारे जाकीट बाळगणे सक्तीचे नव्हते. त्या टप्प्यावर वाहन पोहोचत नव्हते आणि आसराही नव्हता. एकवीस जण थंडीने काकडून मेले. त्यांत देशातील नामवंत धावपटूही होते. पुढे चौकशीत आयोजनातील ढिसाळपणावर ठपका आला.

त्याच डोंगरात झू केमिंग नावाचा एक मेंढपाळ मेंढ्या चारत होता. पाऊस येताच तो एका गुहेत शिरला. अडीअडचणीसाठी तेथे त्याने कपडे आणि काही शिधा ठेवलेला असे. गुहेतून त्याला एक धावपटू दिसला. पायात गोळे आल्याने तो जागीच उभा होता. मेंढपाळाने त्याला आत आणले, शेकोटी पेटवली, त्याचे गारठलेले हातपाय चोळले. मागून आणखी चौघे आले. मग तो पुन्हा बाहेर पडला आणि बेशुद्ध पडलेल्या एकाला उचलून घेऊन आला. तीन पुरुष आणि तीन स्त्रिया असे सहा जीव त्या गुहेत वाचले. नंतर लोकांनी त्याचा गौरव केला, तेव्हा आपण साधा माणूस आहोत, साधेच काम केले, अशा अर्थाचे तो बोलला आणि ज्यांना वाचवू शकला नाही त्यांच्याबद्दल हळहळला.

ही हकीकत मी प्रथम वाचली, तेव्हा पुस्तक मिटावे तसे वर्तमानपत्र मिटून बसलो होतो. ती वाट त्या मेंढपाळाची होती. पाहुणे त्याच्या अंगणातून धावत होते. त्याला त्यांच्या शर्यतीशी कर्तव्य नव्हते, त्याची स्वतःची जनावरे पावसात होती. तरीही थांबला तो आणि बाहेरही गेला तोच. ज्याच्याकडे थांबण्याची मुभा सर्वांत कमी होती, त्याने ती सर्वांत अधिक उदारपणे दिली.

ख्रिस्तसभेच्या परंपरेतही हेच दिसते. पोप अकरावे पायस हे पोप होण्यापूर्वी कसलेले गिर्यारोहक होते. १८८९ साली त्यांनी आल्प्समधील मोंटे रोझा शिखरावर बिकट पूर्वकड्याने चढाई केली होती. १९२३ साली त्यांनी गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून संत बर्नार्ड यांना घोषित केले. शिखरे जाणणाऱ्या या माणसाने कुणाची निवड केली पाहा. अकराव्या शतकातील संत बर्नार्ड यांची कीर्ती शिखरांमुळे नाही. सुमारे २४७० मीटर उंचीच्या खिंडीत त्यांनी वाटसरूंसाठी आश्रयगृह उभारले. पुढे शतकानुशतके तेथील संन्यासी बर्फात वाट चुकलेल्यांना शोधायला बाहेर पडत राहिले. गिर्यारोहकांचा संत हा खिंडीत थांबलेला माणूस आहे.

आजच्या डोंगरी शर्यतींनीही हे तत्त्व आपल्या परीने मान्य केले आहे. आल्प्समध्ये माँ ब्लाँ पर्वताभोवती जी जगप्रसिद्ध शर्यत होते, तिच्या नियमानुसार संकटात सापडलेल्या व्यक्तीला मदत करणे प्रत्येक धावपटूवर बंधनकारक आहे. नियम झाला ही चांगली गोष्ट आहे. परंतु नियमाने माणूस थांबतो तो पडलेल्या सहधावपटूसाठी. मोळीवालीसाठी थांबायला कोणताही नियम सांगत नाही. तेथे सदसद्विवेकबुद्धी लागते.

थांबणे म्हणजे नेमके काय? त्याच्या तीन पायऱ्या मला दिसतात.

पहिली, स्वतःसाठी थांबणे. संत थॉमस यांच्या मते धैर्याचे मुख्य कार्य आक्रमणापेक्षा सोसण्यात असते. पण आपल्या शक्तीपलीकडचे काम अंगावर घेणे याला ते धैर्य म्हणत नाहीत, तो अतिसाहसाचा दोष मानतात. शरीर हे देणगीदाखल मिळालेले आहे. छातीत कळ येत असता, आभाळ फाटलेले दिसत असता केवळ पदकासाठी पुढे जाणे यात शौर्य नाही. घरी वाट पाहणारी माणसे त्या धावेत आपल्याबरोबर असतात, त्यांची संमती कुणी घेतलेली नसते.

दुसरी, सोबत्यासाठी थांबणे. वर्षभर तयारी केली, रजा काढली, पैसे भरले आणि अखेरच्या टप्प्यात एक अनोळखी माणूस वाटेत बसलेला दिसला. त्या क्षणी मनात येणारा हिशोब मी समजू शकतो. मागून कुणी तरी येईलच, असे वाटते. येरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या दोघांनाही कदाचित असेच वाटले असेल. तीही डोंगराळ आणि उताराचीच वाट होती.

तिसरी आणि सर्वांत अवघड, वाटेच्या मालकांसाठी थांबणे. ज्या वस्तीतून शर्यत जाते, तेथील माणसांची आधी परवानगी घेणे, त्यांच्या ताकाचे योग्य मोल देणे, वेष्टने आणि बाटल्या त्यांच्या गुरांच्या चाऱ्यात न टाकणे, हे तर साधे शिष्टाचार झाले. पुढे जाऊन विचारावे : येथे बाळंतीण अडली तर तिला खाली कसे नेतात? पाणी कोणत्या महिन्यात आटते? शर्यतीच्या दिवशी त्या डोंगराखाली रुग्णवाहिका उभी असते. उरलेल्या दिवसांचे काय? ज्याने तो चढ स्वतःच्या पायांनी मोजला आहे, त्याला या प्रश्नांचा अर्थ इतरांपेक्षा लवकर कळावा. त्याच्या हौसेचे सार्थक तेथे होऊ शकते. आणि ते झाले नाही, तर गरिबाच्या कष्टांची नक्कल हा आक्षेप खरा ठरतो.

वाचकहो, आपल्यापैकी फारच थोडे जण तोरण्यावर धावायला जातील. पण धावत कोण नाही? मुलाची प्रवेश परीक्षा, मुलीची परदेशातील नोकरी, घरावर दुसरा मजला. या शर्यती वाईट नाहीत. मात्र आपल्यातील पुष्कळांना आता थांबण्याची मुभा मिळाली आहे, जी आपल्या आजोबांना मिळाली नव्हती. ती आपण कुणासाठी वापरतो, हा प्रश्न माझ्या भाच्याइतकाच तुम्हाआम्हालाही आहे. पुनरुत्थानाच्या सकाळी दोन शिष्य कबरीकडे धावले. तरुण योहान आधी पोहोचला, पण आत गेला नाही. वयस्क पेत्र धापा टाकत मागून येईपर्यंत तो दाराशी थांबला. शुभवर्तमानात पहिला कोण आला याची नोंद आहे आणि तो थांबला याचीही.

हे सारे मी त्या रात्री भाच्याला इतक्या नीटपणे सांगू शकलो नाही. एवढेच म्हणालो, “तुझे धावणे चुकत नाही. पण तुला थांबता येते, त्यांना येत नाही, एवढे ध्यानात ठेव.” तो काही बोलला नाही.

दुसऱ्या पहाटे तो पुन्हा उठला. सकाळच्या एस.टी.ने आम्हाला परतायचे होते. मी रस्त्यावर गेलो तेव्हा तो डोंगराकडे गेलेला नव्हता. मुलांनी चुन्याच्या खुणा करून १६०० मीटर आखून ठेवले होते. त्याने आपले मनगटी घड्याळ त्यांच्यासाठी लावले होते आणि एकेकाची वेळ तो वहीत लिहून देत होता. शेवटी एक किडकिडीत मुलगा बराच मागे पडला, तेव्हा भाचा त्याच्या जोडीने पळू लागला. पावले लहान टाक, खांदे सैल सोड, असे काही तरी सांगत होता. कालचा हसणारा मुलगा तोच होता. तो खुणेपाशी पोहोचला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि वेळ ऐकून सरळ उभा राहिला. कालच्यापेक्षा अकरा सेकंद कमी लागले होते.

“भाऊ, उद्या येता का?” त्याने विचारले.

भाच्याने माझ्याकडे पाहिले. आमचा मुक्काम एका दिवसाने वाढला.